जोडीची हजेरी

भिवंडी
२ जुलै १९९७

प्रिय कमळे,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील तर पत्र लगेच फाडू नकोस. आधी वाच, मग खुशाल फाड.

सोळा वर्षांनी लिहितेय. काल अकरावीच्या प्रवेशयादीवर सह्या करत होते आणि एका नावाशी पेन अडलं. बकुळा बाळाराम भोईर, मुक्काम वडपे, आईचं नाव कमळ. आमची शिपाईणबाई रंगूबाई शेजारी उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, शाई सपली का?" मी म्हटलं, हो, संपली. डोळ्यांत पाणी आलंय असं शिपाईणबाईला कसं सांगणार?

हो, मी इथेच मराठी शिकवते. ज्या बाकावर आपण दोघी बसून चिंचा खायचो, त्याच्यासमोर खडू घेऊन उभी राहते. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर सांगते, कॉलेजशी लागलंय, सासू फार कडक आहे. सासू म्हणजे मोठ्या मॅडम. अजून त्याच आहेत, केस तेवढे पांढरे झालेत. मुली सगळ्या मिळून एकाहत्तर. दोन्ही बाजूंना कापडाच्या लूम तशाच खडखडतात, त्यामुळे आपल्या मुलींना मोठ्याने बोलायची सवय आपोआप लागते. ज्यांना घरी तोंड उघडायची बंदी, त्या इथे येऊन ओरडून उत्तरं देतात. मला फार बरं वाटतं.

प्रवेशाला तुझे यजमान स्वतः आले होते. म्हणाले, "फक्त पोरींचं हाय, भिंत हाय, गेट हाय, म्हनून पाठवतोय." मी मान खाली घालून अर्ज घेतला. भिंतीसाठी तर भिंतीसाठी, येऊ देत. भिंतीच्या आत आम्ही काय करतो ते त्यांना कशाला सांगू? मला त्यांनी ओळखलं की नाही, कळलं नाही. जाताना दारावरची नावांची पाटी मात्र थांबून वाचली.

जोडीची हजेरी अजून आहे. आपल्या वेळी मोठ्या मॅडमनी ती का सुरू केली ते आठवतं ना? पहिल्याच वर्षी चार मुली गुपचूप नाहीशा झाल्या होत्या, एकीचंही लग्न कुणाला कळलं नव्हतं. म्हणून नाव पुकारलं की त्या मुलीने नाही, तिच्या जोडीदारणीने "आहे" म्हणायचं. नसली तर कुठे आहे ते जोडीदारणीने सांगायचं, आणि मॅडम विचारणार, "डोळ्यांनी पाहिलंस?" पाहिलं नसेल तर संध्याकाळी तिच्या घरी जाऊन बघून यायचं. तीन दिवस खरी खबर नाही आली, तर मॅडम स्वतः तिच्या दारात. मोठ्या कॉलेजात हे जमायचं नाही. तिथे मुलगी म्हणजे एक नंबर, आणि नंबर गेला तर कुणाला चुकल्यासारखं वाटतं?

आपल्या दोघींत जे झालं त्याबद्दल आज लिहीत नाही. आज एवढंच, की तुझी मुलगी माझ्या डोळ्यांसमोर आहे. काळजी करू नकोस. जमलं तर चार ओळी लिही.

तुझी
चंद्रा


२१ ऑगस्ट १९९७

प्रिय कमळे,

तुझं कार्ड आलं! मी ते रंगूबाईला दाखवलं, मोठ्या मॅडमना दाखवलं, आणि घरी आल्यावर देवापुढे ठेवलं. वेडी आहेच मी.

पण "चंद्राताई"? तू माझ्याहून पाच महिन्यांनी मोठी. जन्मभर मला चंद्रे म्हणालीस, भांडताना चंद्री. आता एकदम ताई! रागाची ही नवी तऱ्हा दिसते. हरकत नाही, तुझा राग रास्त आहे. अक्षरही बदललंय, जाड आणि ताठ झालंय. संसारात अक्षर बदलत असेल, मला काय माहीत.

तू विचारलंस त्याची उत्तरं देते. बकुळा शेवंताच्या शेजारी बसते, तीच तिची जोडीदारीण. शेवंता इथलीच, भिवंडीतली, बुद्धविहाराच्या गल्लीत राहते. तिचे वडील राघोभाऊ रिक्षा चालवतात. बोलायला फटकळ, पण सोन्यासारखी पोर. कॉलेज सव्वाबाराला सुटतं. बकुळा साडेबाराची एसटी धरते. शनिवारी मुली वाचनालयाचं कपाट लावतात, त्या दिवशी एक तास उशीर होतो. भेटायला कुणीही येत नाही. तुझी मुलगी सरळ आहे गं, इतकं बारीक विचारायला नको होतंस. पण आईचं मन आहे, समजते मी.

अशीच लिहीत राहा. ताई म्हण, मावशी म्हण, पण लिही.

चंद्रा


१२ जानेवारी १९९८

प्रिय कमळे,

आज वर्गातले दिवे गेले आणि बकुळाने फ्यूज बांधला. टेबलावर स्टूल, स्टुलावर तुझी लेक, आणि खाली शेवंता स्टूल धरून. इथे हाक मारायला मुलगेच नाहीत, म्हणून बाक उचलायचे मुलींनी, स्टेज बांधायचं मुलींनी, भाषणही मुलींनीच ठोकायचं. मुलांच्या कॉलेजात याच मुली रांगोळ्या काढत बसल्या असत्या. गॅदरिंगला बकुळा बोलायला उभी राहिली तेव्हा तिचे पाय थरथरत होते, आवाज नाही. अगदी तुझ्यासारखी.

आणि आज बारा जानेवारी आहे. तुलाही तारीख आठवत असेल, म्हणून आज लिहून टाकते. सहा महिने मी तुला कॉलेजच्या गमती सांगतेय आणि मूळ गोष्टीवर पांघरूण घालतेय.

१९८१ साली याच दिवशी तू आली नाहीस. मी तुमच्या घरी बघायला आले. दापोड्यात आपल्या दोन घरांमध्ये एक कुंपण, जायला कितीसा वेळ लागणार? तू मागच्या खोलीच्या गजांना धरून उभी होतीस. म्हणालीस, "चंद्रे, म्याडमला सांग, मना कोंडलंय. आठ दिवसांनी लगीन हाय." मी हो म्हटलं. वळले तर तुझे बाबा, कोंडूकाका, अंगणात. शांतपणे म्हणाले, "पोरी, तिकडं जाऊन तोंड उघडलंस तर तुजं पन कॉलेज बंद. तुज्या बापाशी बोललोय मी."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तुझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, तिला कावीळ झालीय, तीन आठवडे येणार नाही. मॅडमनी विचारलं, "डोळ्यांनी पाहिलंस?" मी म्हटलं, हो, डोळ्यांनी पाहिलं.

मॅडम आल्या नाहीत त्या माझ्यामुळे. माझी पदवी, माझी नोकरी, हा खडू, सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. मॅडमना मी हे आजपर्यंत सांगितलेलं नाही. तुला आज सांगितलं. आता शिव्या दे.

चंद्रा


२ फेब्रुवारी १९९८

कमळे,

"झालं गेलं गंगेला मिळालं. मुलीवर लक्ष ठेवावे व कळवत जावे."

एवढंच लिहिलंस, पण मी ते कार्ड किती वेळा वाचलं असेन! सतरा वर्षं मनात रुतलेला काटा तू एका ओळीत काढलास. मी तुझ्या जागी असते तर इतक्या सहज माफ केलं नसतं. रात्री शांत झोप लागली.

कळवत जाईन. आता तर हक्काने कळवत जाईन.

तुझीच
चंद्रा


२० नोव्हेंबर १९९८

प्रिय कमळे,

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

बकुळा आता बारावीला आहे आणि तिच्या मनात काय आहे ते तिने मला सांगितलंय. तिला नर्स व्हायचंय. ठाण्याला तीन वर्षांचं शिक्षण आहे, मुलींसाठी वसतिगृहही आहे. मोठ्या मॅडमनी अर्ज आणून ठेवलाय. पालक म्हणून तुझी एक सही लागेल, तेवढी करून पाठव. यजमानांना आताच सांगू नकोस. बारावीचा निकाल लागू दे, मुलगी वसतिगृहात जाऊन पोहोचू दे, मग सांगू. दिवाळीत अंबाडीहून ट्रान्सपोर्टवाले केसरीनाथ तिला बघून गेले, असं ती म्हणाली. बत्तीस वर्षांचा बिजवर! पोरीचे सतरा आत्ता कुठे पुरे झालेत. ती मला म्हणाली, "मॅडम, मी तिथं न्हाय जानार. जीव दिन."

दोन गोष्टी मनाला लागून राहिल्यात. गेले दोन आठवडे कॉलेजच्या फाटकासमोर एक मोटारसायकल उभी असते. सव्वाबाराला येते, शनिवारी मात्र सव्वाला. शनिवारचा उशीर बाहेरच्या कुणाला माहीत असायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट तुझी. मी बकुळाला म्हटलं, आईची पत्रं येतात हो मला. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई कधी लिवते? घरात पेन फकस्त बाबांकडं हाय." मी हसण्यावारी नेलं. लेकीपासून लपवून लिहीत असशील, खरं ना? तसं असेल तर पुढच्या कार्डात एक शब्द जास्त लिही. मला चंद्रे म्हण. एकदाच.

चंद्रा


१९ जानेवारी १९९९

कमळ,

सही आली नाही. बकुळा बुधवारपासून आली नाही. आणि आज तुझं कार्ड आलं: "बकुळाला कावीळ झाली आहे. तीन आठवडे येणार नाही. डोळ्यांनी पाहिले आहे."

माझीच वाक्यं तू मला परत पाठवलीस. माझ्यावर सूड उगवायचा तर उगव. मी त्याच लायकीची आहे. पण त्यासाठी पोरीला वापरू नकोस गं.

शेवंता गुरुवारी संध्याकाळी वडप्याला येऊन गेली. राखणदाराने तिला फाटकातून परतवलं. तिने रस्त्यावरून बकुळाला हाक मारली तर माडीची खिडकी आतून कुणीतरी ओढून घेतली. शुक्रवारी वर्गात मी बकुळाचं नाव पुकारलं. शेवंता उभी राहिली. मी विचारलं, आजारी आहे का? ती म्हणाली, "मॅडम, मी तिला डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आजारी आहे असं मी बोलणार नाही." अठरा वर्षांपूर्वी त्याच जागी उभी होते मी, त्याच वयाची. मला वर्गात बसवेना. तास सोडून मी मोठ्या मॅडमकडे गेले आणि कावीळ, गज, कोंडूकाका, सगळं सांगितलं.

त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "तुझा हिशेब माझ्याशी नाही, कमळशी आहे. मुलगी कुठे आहे ते आधी बघ."

सोमवारी आम्ही दोघी तुझ्या दाराशी आलो. यजमान ओट्यावर बसून होते. चहा विचारला. "मुलगी झोपलीय, बायको देवळात गेलीय," म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "चंद्राताई, तुमचं अक्षर फार सुंदर."

घरी येऊन मी तुझी सगळी कार्डं पुन्हा काढून वाचली. ताई. कमळे, माझी पत्रं तुला मिळतात का? कुणीही वाचत असलं तरी हेच विचारते. मिळतात का?

चंद्रा


२३ जानेवारी १९९९
(ठकुबाईच्या हाती)

कमळे,

हे पत्र तुझ्याच हातात पडतंय, आता खात्री आहे. मासळीवाली ठकुबाई सकाळी कोलंबी घेऊन माझ्या दारात आली. मी म्हटलं, आज नको. ती म्हणाली, "कोलंबी न्हाय बाय, कागद हाय. वडप्याची तुजी मैतरीन रडत व्हती." आणि टोपलीतल्या पानाखालून तिने तुझी चिठ्ठी काढली. चिठ्ठीला अजून मासळीचा वास आहे. माझ्यासमोर ठेवलीय.

"चंद्रे, मी तुला एकही पत्र लिहिलेलं नाही. तुझी पत्रं ह्यांच्या गोदामाच्या ऑफिसात येतात. ते वाचतात, उत्तरं त्यांचा मुनीम लिहितो. काल सगळा गठ्ठा माझ्यापुढे नाचवला आणि टाकून गेले. रविवारी एकतीसला अंबाडीच्या केसरीनाथशी लगीन ठरवलंय. पोर माडीवर कोंडली आहे. म्याडम तेव्हा का आल्या नाहीत ते आत्ता वाचून कळलं. त्याचं नंतर बघू. आधी पोरीला काढ."

चंद्रे म्हणालीस! तिरपं, बारीक, तेच अक्षर. मुनिमाचं अक्षर मी देवापुढे ठेवलं होतं, कमळे. फाटकावरच्या मोटारसायकलला शनिवारची वेळ मीच सांगितली. केसरीनाथला पोर नाही म्हणाली, तेही मीच लिहिलं. आणि मला माफी कुणी दिली तर त्याने. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच. पण रडायला आता वेळ नाही.

नीट वाच. आज मी पोस्टानेही एक पत्र टाकतेय, तुझ्याच नावाने. ते सोमवारी त्यांच्या हाती पडेल. त्यातलं एक अक्षरही खरं नाही. ते वाचून बुधवारी सकाळी घरातले सगळे पुरुष अंबाडीला जातील, अशी माझी खात्री आहे. या माणसाला मी दीड वर्ष पत्रं लिहितेय, त्याला काय खरं वाटतं ते आता मलाही थोडं कळतं.

बुधवारी दहाला ठकुबाई मागच्या दाराशी येईल. जेवण न्यायला माडीची किल्ली तुझ्याकडे असते, असं ती म्हणाली. मागच्या बांधावरून हायवे दहा मिनिटांवर आहे. तिथे शेवंताचे वडील राघोभाऊ रिक्षा घेऊन उभे असतील. बकुळाच्या वयाचा दाखला आपल्या कॉलेजात आहे, त्याची प्रत मोठ्या मॅडमच्या ओळखीच्या ठाण्याच्या वकीलबाईंकडे पोहोचली. पोर बाहेर पडली की पुढचं सगळं कायद्याने करता येईल. ती आत आहे तोवर दाखला नुसता कागद.

आणि तूही निघ. दोघी निघा. सासूबाईंना कमी दिसतं, दोघी गेल्याचं त्यांना तासभर तरी कळायचं नाही. मागे राहू नकोस. तुला मी एकदा मागे ठेवलंय, पुन्हा नाही.

चिठ्ठी वाचून चुलीत घाल. या वेळी खरंच घाल.

चंद्रे म्हणवून घेणारी
चंद्रा


२३ जानेवारी १९९९
(पोस्टाने)

प्रिय कमळ,

तू कार्डात लिहिलेल्या काविळीवर माझा विश्वास नाही. पण तुझ्या दारात पुन्हा येऊन तमाशा करायचा नाही, असं आम्ही ठरवलंय. मोठ्या मॅडमचं म्हणणं, मुलीच्या घरी जाऊन उपयोग नाही, नवऱ्यामुलाच्या घरी जायला हवं. बुधवारी, सत्तावीस तारखेला, सकाळी साडेदहाला आम्ही अंबाडीला केसरीनाथांच्या घरी जातोय. बरोबर वकीलबाई आणि वर्तमानपत्राचे एक गृहस्थ आहेत. चार माणसांत, गावासमोर, त्यांना मुलीच्या वयाचा दाखला दाखवणार. ती माणसं अब्रूला जपतात, लग्न आपण होऊन मोडतील. मग बाळारामशेठना काही करता येणार नाही.

हे त्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस. त्यांना आधी कळलं तर ते तिथे आडवे येतील आणि सगळं फिसकटेल. मागच्या पत्रात उगीच शंका घेतली, तुझ्यावर माझा पूर्ण भरवसा आहे.

तुझी
चंद्राताई


२९ जानेवारी १९९९

श्री. बाळाराम भोईर यांस,

दीड वर्ष तुम्ही माझी पत्रं परवानगीशिवाय वाचलीत. हे तुमच्याच नावाचं आहे, उजळ माथ्याने वाचा.

अंबाडीला बुधवारी कुणी आलं नाही, हे तुम्हांला कळलंच. तीन जीपा घेऊन तुम्ही केसरीनाथांच्या दारात दुपारपर्यंत बसून राहिलात. गावाने कारण विचारलं आणि शेवटी दाखल्याची गोष्ट तुमच्याच तोंडून फुटली, असं ऐकते. त्यांनी लग्न मोडलं. तेवढं काम तुम्ही आमच्यासाठी केलंत.

बकुळा सुखरूप आहे. कुठे आहे ते मी कागदावर लिहिणार नाही. ती सवय तुम्ही मोडलीत. काल वकीलबाईंसमोर तिने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं, लूमच्या खडखडाटातही ऐकू जाईल अशा आवाजात. खाली सही केली. तो कागद आता तुमच्या हाती लागायचा नाही.

पण हे पत्र तिच्यासाठी नाही.

बुधवारी कमळने पोरीला मागच्या दाराने काढलं. बकुळा म्हणाली, आई, चल. कमळ म्हणाली, "तू हो पुढं. आजी दर घडीला हाक मारते, माडीवरून कुनीतरी ओ दिली पायजे. तुमी हायवेला लागलात का मी येतेच." पोर बांधावर पोहोचली तेव्हा तुमच्या आईने ओट्यावरून हाक मारली, "बकुळे, हायस ना?" आणि माडीवरून कमळने लेकीच्या आवाजात उत्तर दिलं, "हाय." हे बकुळानेच मला सांगितलं. शेवंताने तिला धरून ठेवलं.

राघोभाऊ मुलीला पोहोचवून परत हायवेवर येऊन उभे राहिले. एक वाजेपर्यंत उभे होते. कमळ आली नाही. तुमच्या जीपा आल्या.

काल ठकुबाई तुमच्या दाराशी गेली. मासळी नको म्हणून आतून सांगितलं. तिने सूनबाई कुठे विचारलं, तुमची आई म्हणाली, "माहेरी गेलीय." मी काल दुपारीच दापोड्याला जाऊन आले. आमच्या जुन्या शेतांवर आता गोदामं आहेत, पण कमळच्या भावाचं घर तिथेच आहे. ती माहेरी गेलेली नाही. ठकुबाईने आणखी एक सांगितलं, तुमच्या माडीच्या खिडकीवर नव्या फळ्या ठोकल्यात. बाहेरून. तिने खालून दोनदा हाक मारली. वरून ओ आली नाही.

मला भीती वाटतेय, बाळारामशेठ. लपवत नाही. मी खोटं पत्र लिहून तुम्हांला अंबाडीला बसवलं, त्याचा राग तुम्ही कुणावर काढला असेल, हाच विचार डोक्यात फिरतोय. राग माझ्यावर काढायचा. माझा पत्ता तुमच्याकडे प्रत्येक पत्रावर लिहिलेला आहे.

आज सकाळी वर्गात मोठ्या मॅडम स्वतः आल्या. हजेरीवही उघडली नाही. माझ्याकडे बघून त्यांनी नाव पुकारलं, "कमळ." अठरा वर्षांपूर्वी वहीतून गेलेलं नाव. मुलींना काही कळेना. मी उभी राहिले आणि म्हणाले, मॅडम, नाही. कुठे आहे, मला माहीत नाही. डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आज तिसरा दिवस आहे.

मग बकुळा सोडून सत्तरच्या सत्तर मुलींनी दप्तरं आवरली. शेवंता सगळ्यांत पुढे होती. तिला मी थांबवायचा प्रयत्न केला, तर म्हणाली, "मॅडम, बकुळाची आई म्हणजे आमच्यातलीच एक." लहान कॉलेजाचे कितीतरी फायदे मी तुम्हांला पत्रांतून सांगितले, हा एक राहून गेला होता. आख्खं कॉलेज दोन टेम्पोंत मावतं.

हे टेम्पोत बसून लिहितेय, अक्षर वाकडं आलंय, माफ करा. वडप्याचा फाटा मागे पडला. आम्ही तुमच्या फाटकाशी उभ्या राहू आणि हे पत्र राखणदाराच्या हाती आत पाठवू. वकीलबाई पोलीस घेऊन मागून येतायत, पण त्यांना तासभर लागेल आणि मला तासभर थांबायचं नाही.

तुम्ही बाहेर येऊन काही सांगू नका. माहेरी गेली, देवळात गेली, कावीळ झाली, यातलं काही मी ऐकणार नाही. ती वाक्यं मीच एकदा वापरली आहेत. तुमच्या आईलाही पाठवू नका. दार कमळने उघडायचं. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पायांवर उभं राहून.

आम्ही फाटकाशी आलो. माडीच्या फळ्या इथून दिसतायत. मुली तिला नावाने हाका मारतायत.

चंद्रा